सत्याचा दोर आणि बीपीचा पट्टा

दवाखान्यात डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळतात, रबरी फुगा दाबतात, आणि आपण उगाचच श्वास रोखून आकड्याकडे बघत बसतो. घरी 120 दाखवणारं यंत्र तिथे 140 दाखवतं. डॉक्टरांना याची सवय असते. "पाच मिनिटं बाहेर बसा, मग परत बघू," म्हणतात. आजार काहीच नसतो, नुसती धास्ती असते. मेंदूला धोक्याची चाहूल लागली की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात आकुंचन पावतं, बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि वरचा आकडा चढतो. धोका खरा आहे की नुसता पांढरा कोट, एवढी चौकशी शरीर करत बसत नाही.

1915 च्या सुमारास अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात विल्यम मोल्टन मार्स्टन नावाचा मानसशास्त्राचा विद्यार्थी याच पट्ट्याशी खेळत होता. कल्पनेची ठिणगी त्याची बायको एलिझाबेथ हॉलोवे हिची. चिडले किंवा भावना अनावर झाल्या की आपला रक्तदाब चढतो, हे तिच्या लक्षात आलं होतं. मार्स्टननं त्यावर इमारत रचली: खोटं बोलणारा माणूस आतून हलतो, म्हणजे त्याचाही आकडा चढणार, म्हणजे पट्टा बांधला की खोटं पकडता येणार. पुढे लाय डिटेक्टर म्हणून जे यंत्र जगभर गाजलं, त्याच्या मुळांपैकी हे एक.

एलिझाबेथबद्दल दोन वाक्यं जास्त लिहायला हवीत. तिला कायदा शिकायचा होता. हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये तेव्हा बायकांना प्रवेश नव्हता (तो 1950 मध्ये मिळाला), म्हणून ती बॉस्टन विद्यापीठातून कायद्याची पदवीधर झाली. पुढे नवऱ्याच्या नोकऱ्या टिकेनात, तेव्हा अनेक वर्षं घर तिच्याच पगारावर चाललं. त्या घरात ऑलिव्ह बर्न नावाची आणखी एक स्त्रीही राहायची. दोघींची मिळून चार मुलं, बाप एकच. मुलं ऑलिव्ह सांभाळायची, नोकरी एलिझाबेथ करायची. ऑलिव्हच्या मनगटांवर जाड कडी असत.

1922 मध्ये मार्स्टनचा पट्टा वॉशिंग्टनच्या कोर्टात पोचला. खुनाचा आरोप असलेल्या जेम्स फ्राय या तरुणाची चाचणी घेऊन मार्स्टननं तो खरं बोलतोय असं सांगितलं. कोर्टानं ही साक्ष ऐकूनच घेतली नाही, आणि 1923 मध्ये वरच्या कोर्टानं तो निर्णय उचलून धरला. त्या त्या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांनी सर्वसाधारणपणे मान्य केलेली पद्धतच पुरावा म्हणून चालेल, असा दंडक त्यातून पडला आणि अमेरिकेत तो अनेक दशकं चालला. शास्त्र म्हणून ते बरोबरच होतं. दवाखान्यात आपला आकडा जसा चढतो, तसा निर्दोष माणसाचाही संशयाखाली चढतोच. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये अशा चाचण्या संमतीशिवाय करायच्या नाहीत असं बजावलं.

कोर्टानं नाकारलेला पट्टा मार्स्टननं दुसरीकडे वापरला. 1941 च्या शेवटी त्यानं एका कॉमिकसाठी नायिका लिहिली, वंडर वूमन. पुढच्याच वर्षी तिच्या हातात एक जादूचा दोर आला. त्यात जो सापडेल त्याला तिचं ऐकावंच लागायचं, तिनं विचारलं की खरं बोलावंच लागायचं. मनगटांवर गोळ्या परतवणारी कडी होती, ती ऑलिव्हची. दोराचं आणि पट्ट्याचं नातं मला तरी लख्ख दिसतं. प्रयोगशाळेत जमलं नाही ते चित्रात जमवून टाकलं.

मार्स्टनचं म्हणणं त्या काळाच्या मानानं धीट होतं. 1943 मध्ये त्यानं लिहिलं, की बाईच्या प्रतिमेत बळ, जोर आणि सत्ता नसेल, तर मुलींनासुद्धा मुलगी व्हावंसं वाटणार नाही. पण याच नायिकेला तो अंकामागून अंक साखळदंडांनी बांधून घालायचा, इतका की प्रकाशकाच्या सल्लागार मंडळातूनच कुरबुर सुरू झाली. आणि 1942 मध्ये दुसऱ्या एका लेखकानं तिला सुपरहिरोंच्या मंडळात घेतलं, ते सेक्रेटरी म्हणून! रणगाडे उचलणारी बाई सभेचं इतिवृत्त लिहीत बसली.

'कणखर नायिका' या शब्दाचा घोळ तेव्हापासूनचा आहे. कणखरपणा मोजायचा कशानं? दंडानं, पोशाखानं, की गोष्टीत निर्णय कोण घेतं त्यावरून? आणि अशी नायिका बघून बघणारीच्या आत खरंच काही हलतं का? या दुसऱ्या प्रश्नावर गेल्या काही दशकांत बरंच मोजमाप झालं आहे. ते रंजक आहे, थोडं फजितीचंही.

फजितीचा भाग आधी. पाय फाकवून, हात कमरेवर, छाती पुढे, हनुवटी वर: वंडर वूमनची ही उभं राहायची ढब सगळ्यांना ठाऊक आहे. 2010 मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी 42 जणांवर प्रयोग केला. काहींना ऐसपैस, रुबाबदार ढबीत बसवलं-उभं केलं, काहींना अंग चोरून. मग लाळेतली संप्रेरकं तपासली. निष्कर्ष असा, की दोनच मिनिटांच्या रुबाबानं टेस्टोस्टेरॉन वाढतं, ताणाशी निगडित कॉर्टिसॉल घटतं आणि माणूस जास्त जोखीम घ्यायला तयार होतो. 2012 मध्ये त्यावरचं एक भाषण कोट्यवधींनी पाहिलं, आणि मुलाखतीआधी स्वच्छतागृहात जाऊन कमरेवर हात ठेवून उभं राहायचा सल्ला जगभर फिरला. मीही तो एका घाबरलेल्या भाचीला दिला होता, हे इथेच कबूल करून टाकते.

2015 मध्ये दुसऱ्या गटानं हाच प्रयोग 200 जणांवर केला. ढब घेतलेल्यांना 'जरा जोर आल्यासारखं' वाटलं खरं, पण संप्रेरकं हलली नाहीत आणि जोखीम घेण्यातही फरक पडला नाही. पुढच्या वर्षी मूळ प्रयोगाच्या पहिल्या लेखिकेनंच जाहीर केलं, की हा परिणाम खरा आहे असं आता मला वाटत नाही. संशोधक आपलंच काम असं मोडीत काढतात हे क्वचितच बघायला मिळतं. नुसती ढब उसनी घेऊन वंडर वूमन होता येत नाही, एवढं मात्र नक्की झालं. भाचीला नोकरी मिळाली, पण त्याचं श्रेय कमरेवरच्या हातांना देता येत नाही.

2015 मध्येच अमेरिकेत आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या मुलींचे गट केले. एका गटानं स्पायडर-मॅनच्या चित्रपटांतले तुकडे पाहिले, ज्यांत तरुणी संकटात सापडते आणि नायक तिला सोडवतो. दुसऱ्या गटानं एक्स-मेनच्या चित्रपटांतल्या लढणाऱ्या, पण अंगाला घट्ट चिकटलेल्या पोशाखातल्या नायिका पाहिल्या. तिसऱ्या गटाला काहीच दाखवलं नाही. पहिल्या गटात स्त्री-पुरुष समानतेबद्दलची मतं जरा मागे सरकली. दुसऱ्या गटाची गंमत वेगळी झाली. लढणारी बाई पाहून समानतेची मतं काही पुढे गेली नाहीत. स्वतःच्या शरीराबद्दलचं समाधान मात्र घटलं. बरोबरीनं, शरीर कसं दिसतं यापेक्षा त्याला काय काय करता येतं, याला त्या मुली जास्त महत्त्व देऊ लागल्या.

म्हणजे एकच दृश्य एकाच डोक्यात दोन टोकांना ओढतं. हे मला फार खरं वाटतं. पडद्यावरची ती बाई दहा जणांना लोळवते, हे बघून हात शिवशिवतात. पण लोळवताना तिची एक बटही विसकटत नाही, ते बघून आपली नजर आपल्याच पोटाकडे जाते. प्रयोग एकाच बैठकीचा होता, मुली मूठभर होत्या आणि परिणाम किती दिवस टिकतो हे तो सांगत नाही. तेव्हा त्यावर झेंडा रोवायला नको.

याहून मला आवडलेला प्रयोग 2017 चा, 4 आणि 6 वर्षांच्या 180 मुलांवरचा. मुलांना संगणकावर 10 मिनिटं एक कंटाळवाणं काम दिलं: अमुक चित्र आलं की बटण दाबायचं, तमुक आलं की दाबायचं नाही. शेजारी एक मजेशीर खेळ ठेवला होता, कंटाळा आला की बिनदिक्कत तिकडे जायची मुभा. काही मुलांनी मध्येमध्ये स्वतःला विचारायचं, 'मी नीट काम करतोय का?' काहींनी स्वतःचं नाव घेऊन विचारायचं. आणि काहींनी आवडत्या पात्राची टोपी किंवा केप चढवून विचारायचं, 'बॅटमॅन नीट काम करतोय का?' सगळ्यात जास्त वेळ कामाला चिकटून राहिली ती पात्राच्या वेशातली मुलं.

या प्रयोगाला बॅटमॅनचं नाव चिकटलं, पण निवडीला आणखी तीन पात्रं होती. बॉब हा बांधकामवाला, आणि डोरा व रॅपुन्झेल या दोन मुली. डोरा पाठीवर दप्तर टाकून वाट शोधत फिरते, रॅपुन्झेलकडे लांब केस आहेत. गोळ्या परतवणारी कडी दोघींकडेही नाहीत. संशोधकांच्या मते मुलाला मदत होते ती स्वतःपासून थोडं अंतर घेतल्याची. कंटाळा आलाय तो मला, डोराला नाही.

हे अंतर घेण्याचं काम मोठी माणसं पुस्तकातून करतात, आणि त्यातली सगळ्यात चेष्टा झालेली पुस्तकं म्हणजे प्रेमकादंबऱ्या. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानांत या इंग्रजी कादंबऱ्यांची एक स्वतंत्र फळी असायची, आणि त्या नेणाऱ्या कॉलेजकन्यका त्यांवर वर्तमानपत्राचं कव्हर घालूनच बसमध्ये उघडायच्या. सुपरहिरॉइनचं पोस्टर भिंतीवर लागतं, प्रेमकादंबरी उशीखाली जाते. कणखरपणाचा विषय निघाला की या नायिकांचं नाव कोणी काढत नाही.

अमेरिकन अभ्यासक जॅनिस रॅडवे हिनं मात्र काढलं. एका शहरातल्या पुस्तकाच्या दुकानात एक सेल्सवुमन होती. कुठली प्रेमकादंबरी घ्यावी नि कुठली टाळावी, हे तिच्या गिऱ्हाइक बायका तिलाच विचारायच्या. रॅडवेनं त्यांतल्या 42 जणींकडून प्रश्नावली भरून घेतली, काहींशी तासन्‌तास गप्पा मारल्या आणि 1984 मध्ये पुस्तक लिहिलं. नायिका कशी हवी, या प्रश्नावर बायकांची पहिली तीन उत्तरं होती हुशार, विनोदबुद्धी असलेली आणि स्वतंत्र बाण्याची. रूपाचा नंबर त्यांत नव्हता. नायकही आधी हुशार हवा आणि लगेच पुढे मायाळू. काही जणी शेवटचं पान आधी वाचून घ्यायच्या. शेवट रडका असेल तर पुस्तक परत फळीवर.

या बायकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि रॅडवेच्या पुस्तकाचा जीव माझ्या मते तीच आहे. दिवसभर ज्या घरातल्या सगळ्यांच्या हाकेला ओ देतात, त्या पुस्तक उघडतात तेव्हा 'आत्ता मी कुणालाच उपलब्ध नाही' असं न बोलता सांगत असतात. नवऱ्यांना कुरकुरायला कारण लागायचं ते बहुधा यामुळेच. रॅडवे भाबडी मात्र नव्हती. आडमुठा, टोचून बोलणारा नायक शेवटी 'आतून प्रेमळच होता' असं निघतं, आणि घरातला तसाच नवरा सोसायचं बळ त्यातून मिळतं, हेही तिनं स्पष्ट लिहिलं आहे.

या पुस्तकांचा वाचणारीवर परिणाम होतो का, याचा एक नेटका पुरावा 2000 सालचा आहे. ज्या विद्यार्थिनी अशा कादंबऱ्या जास्त वाचत, त्यांचं कंडोमबद्दलचं मत जास्त नकारात्मक निघालं. इथवर शंका राहते, कारण मुळात तशा मताच्या मुलीच या कादंबऱ्या वाचत असतील. म्हणून संशोधकांनी पुढची पायरी घेतली. मुलींना कादंबरीतले प्रसंग वाचायला दिले. काहींच्या प्रसंगांत नायक-नायिका सुरक्षिततेबद्दल बोलतात, काहींच्या प्रसंगांत ते दोघं नुसते वाहून जातात. पहिल्या प्रकारचे प्रसंग वाचणाऱ्यांचं मत कंडोमच्या बाजूनं सरकलं. नायिकेनं तोंड उघडून केलेली दोन ओळींची मागणी पुरली.

2013 मध्ये कॅनडातल्या अभ्यासकांनी उलट बाजूनं पाहिलं. नुसत्या डोळ्यांचे फोटो दाखवून 'या माणसाच्या मनात काय चाललंय' हे ओळखायला लावलं. कथासाहित्याच्या चार प्रकारांपैकी प्रेमकथांच्या वाचकांचा या चाचणीशी मेळ सगळ्यात चांगला बसला. कार्यकारणभाव इथेही सिद्ध होत नाही. तरी 'तसली पुस्तकं' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा ती चाचणी देऊन बघावी.

आता आपल्याकडे येऊ. 2001 ते 2003 या काळात बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली इथल्या कुटुंबांकडे दरवर्षी जाऊन माहिती घेतली गेली. पाहणीत 180 गावं होती. त्या तीन वर्षांत त्यांतल्या 21 गावांत केबल टीव्ही नव्यानं पोचला. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी केबल येण्याआधीची आणि नंतरची उत्तरं ताडून पाहिली, आणि ज्या गावांत केबल आलीच नाही किंवा आधीपासून होती त्यांच्याशीही. केबल आलेल्या गावांत मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, जननदर घटला, घरातल्या निर्णयांत बायकांचा वाटा वाढला.

त्या वर्षांत केबलवर काय गाजत होतं, आठवतंय ना? सासू-सुनांच्या मालिका. भरजरी साड्या, देवघरातली कारस्थानं, एका थपडेचे पाच कोनांतून पाच क्लोजअप. कणखर नायिकेच्या कुठल्याही व्याख्येत त्या सुना बसणार नाहीत. पण शहरात राहणाऱ्या, शिकलेल्या, गाडीतून एकट्या बाहेर पडणाऱ्या, पैशांबद्दल बोलणाऱ्या बायका त्या पडद्यावर रोज संध्याकाळी दिसत होत्या. उडता येणाऱ्या बाईपेक्षा न विचारता उंबरा ओलांडणारी बाई त्या गावांना जास्त नवलाची वाटली असावी, असा माझा अंदाज. बायकांचं वागणं बदललं नसेल, पाहुण्यांसमोर काय बोलायचं एवढंच टीव्हीनं शिकवलं असेल, हा आक्षेप घेता येतो, आणि संशोधकांनी स्वतःही तो मांडला आहे.

त्या प्रश्नावलीत एक प्रश्न असा होता: बाजारात जायला परवानगी घ्यावी लागते का? दुसरा: नवऱ्यानं बायकोला मारणं केव्हा रास्त आहे? खाली कारणांची यादी. न सांगता घराबाहेर गेली तर. मुलांकडे दुर्लक्ष केलं तर. माहेरहून पैसे, दागिने आले नाहीत तर. स्वयंपाक नीट केला नाही तर. प्रत्येक कारणापुढे बाईनं हो किंवा नाही म्हणायचं. केबल आलेल्या गावांत पुढच्या फेरीत त्या यादीतले 'हो' कमी झाले होते.