कपड्यांचा कुबट वास व घरगुती उपाय

धुतल्यावरही कपड्यात टिकून राहणारा, किंवा कपडा पुन्हा ओलसर होताच उमटणारा अप्रिय वास. 'कुबट' हा शब्द मराठीत मुख्यतः ओल आणि कोंदटपणा यांतून येणाऱ्या वासाला लावतात. इतर वासांना वेगळी नावे आहेत : घामाचा आंबूस, जुन्या तेलाचा खवट, मासळीचा हिंवस किंवा वशट, चुलीचा धुरकट. घरगुती उपाय बव्हंशी या नावांनुसारच निवडले जातात आणि ही निवड रसायनशास्त्राशी बरीच जुळते. प्रस्तुत नोंदीत धुऊन काढण्याचे उपाय, धुरी देणे आणि या उपायांचे जुने उल्लेख यांचा विचार केला आहे. अत्तरे लावून वास झाकण्याचा विषय वेगळा असल्याने त्याला ओझरता स्पर्श केला आहे.

कारणे : ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू घामातील व त्वचेच्या तेलातील घटक फोडतात, तेव्हा आयसोव्हॅलेरिक आम्लासारखी उडून जाणारी मेदाम्ले तयार होतात. धुतलेल्या कपड्याच्या कुबटपणाचे कारण मात्र बराच काळ मोघमपणे 'बुरशी' असे सांगितले जाई. 2012 मध्ये जपानी संशोधकांनी या वासामागचे प्रमुख द्रव्य 4-मिथिल-3-हेक्झेनोइक आम्ल असल्याचे आणि ते मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू तयार करत असल्याचे दाखवले. कपड्यावर डाग दिसत नसतील, तर बुरशीपेक्षा हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. काळे ठिपके पडलेल्या कपड्यात अर्थातच बुरशी असते.

हा जिवाणू कोरडेपणा आणि अतिनील किरण दोन्ही चांगलेच सहन करतो, असे त्याच अभ्यासात आढळले. त्यामुळे 'कडक ऊन दिले की जंतू मरतात' हे या बाबतीत अर्धेच खरे. उन्हाचा मोठा उपयोग कपडा लवकर वाळण्यात आहे. ओलीत जिवाणूंना वाढायला वेळ मिळत नाही. उन्हात वाळलेल्या कपड्याला येणारा छान वास हा निव्वळ भास नाही. कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांना 2020 मध्ये उन्हात वाळवलेल्या ओल्या टॉवेलांवर पेंटॅनल, ऑक्टॅनल, नोनॅनल ही अल्डिहाइडे सापडली. तोच टॉवेल सावलीत किंवा घरात वाळवला, तर ती तशी मिळाली नाहीत.

कोकणात आषाढ-श्रावणात हा त्रास सर्वाधिक. पडवीत किंवा माजघरात बांधलेल्या वलणीवर साडी अंगभर वाळते, पण परकराचा नेफा, शर्टाची कॉलर आणि जाड शिवणी दुसऱ्या दिवशीही हाताला गार लागतात. वास तिथूनच सुरू होतो. खळ दिलेले सुती कपडे तर अधिकच आंबतात, कारण पिष्ट हे जिवाणूंचे खाद्य आहे; म्हणून पावसाळ्यात खळ टाळतात. कोरडा असताना निर्दोष वाटणारा टॉवेल अंघोळीनंतर तोंडावरून फिरवताच नकोसा वाटतो, तो या साठलेल्या द्रव्यांमुळे. इस्त्रीने वास गेलासा वाटतो. घाम येताच तो परततो.

कापडाचा प्रकारही महत्त्वाचा आहे. बेल्जियममधील गेंट येथे 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 26 व्यक्तींनी व्यायाम करताना घातलेले शर्ट 28 तास ठेवून तपासले. पॉलिएस्टरचे शर्ट सुतीपेक्षा अधिक दुर्गंधित ठरले आणि मायक्रोकॉकस जिवाणू कृत्रिम धाग्यांवर विशेष वाढलेले दिसले. सुती धागा पाणी शोषतो, तर पॉलिएस्टर तेलकट द्रव्ये धरून ठेवतो. खेळाच्या बनियनचा वास नुसत्या भिजवण्याने जात नाही, तो यामुळे.

क्षार व आम्ल : आंबूस आणि खवट वास मुख्यतः आम्लांचे असतात, त्यांना क्षार लागतो. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू सुमारे 8.3, तर धुण्याच्या सोड्याचा 11 च्या आसपास असतो. अशा पाण्यात मेदाम्लांचे क्षारीय लवण बनते. लवण उडत नाही, म्हणून नाकापर्यंत पोहोचत नाही, आणि पाण्यात विरघळून वाहून जाते. बादलीभर कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून सुती कपडा अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवणे, मग नेहमीसारखा धुणे, एवढ्याने बहुतेक आंबूसपणा जातो. पूर्वी हेच काम लाकडाच्या किंवा केळीच्या सोपाच्या राखेचे निवळलेले पाणी करी. त्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असते.

हिंवस वासाचे उलटे आहे. मासळीतील ट्रायमिथिल अमाइन हे द्रव्य स्वतःच क्षारधर्मी असल्याने सोड्याने ते अधिक मोकळे होते आणि वास भडकतो. तिथे लिंबाचा रस किंवा शिरका लागतो. मासळी साफ केल्यावर हाताला लिंबू किंवा चिंच चोळणाऱ्या घरात हे वेगळे सांगावे लागत नाही. कपड्याला मात्र चिंच-कोकम लावू नये, डाग पडतात.

सोडा आणि शिरका एकत्र घालण्याचा हल्ली फार बोलबाला असलेला उपाय याच कारणाने फोल आहे. दोन्ही एकमेकांना मारतात; उरते सोडियम ॲसिटेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. फेस पाहून समाधान वाटते एवढेच. क्रमाने वापरल्यास हरकत नाही : आधी सोड्यात भिजवून धुणे, शेवटच्या पाण्यात थोडा शिरका. देशावर विहिरीचे पाणी जड असते, तेथे साबणातील मेदाम्ले पाण्यातील कॅल्शियमशी मिळून धाग्यात चिकट थर साचतो. तो सुटायला हे आम्ल उपयोगी पडते.

उष्णता हा सर्वांत खात्रीचा उपाय. परीट भट्टी लावत, म्हणजे खाराच्या पाण्यात बुडवलेले कपडे तासन्‌तास वाफवत. त्यात जिवाणूही मरत आणि तेलही सुटे. घरी जाड सुती कपडा उकळत्या पाण्यात घालणे ही त्याची छोटी आवृत्ती.

जुने उल्लेख : मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातील द्रव्यशुद्धीच्या प्रकरणात कापडागणिक शोधक द्रव्य सांगितले आहे : रेशीम व लोकर यांना ऊष (खारी माती), कुतपाला अरिष्टक, अंशुपट्टाला (तलम वस्त्राला) श्रीफळ (बेल), क्षौमाला (जवसाच्या धाग्याच्या कापडाला) पांढरी मोहरी. या ग्रंथाचा काळ धर्मशास्त्राचे अभ्यासक पां. वा. काणे यांनी इ.स.पू. दुसरे ते इ.स. दुसरे शतक असा सैल ठेवला. अलीकडचे काही अभ्यासक तो याच्या शेवटाकडे ओढतात. याज्ञवल्क्यस्मृतीत जवळजवळ हीच यादी येते, मात्र लोकर व रेशमासाठी ऊषाबरोबर पाणी आणि गोमूत्र यांचाही उल्लेख आहे. शिळ्या मूत्रात अमोनिया तयार होतो. रोमन धोबीही त्याच कारणाने ते वापरत.

येथे दोन प्रश्न आहेत. पहिला अरिष्टकाचा. अरिष्ट हे नाव निंबालाही आहे आणि रिठ्यालाही. 'रिठा' हा शब्द अरिष्टकापासूनच आला असून कुतप म्हणजे लोकरी कांबळे असा अर्थ घेतल्यास रिठाच अभिप्रेत असावा. लोकर, रेशीम हे प्रथिनांचे धागे असून तीव्र क्षाराने ते खराब होतात. रिठ्यातील सॅपोनिन हे फेस देणारे द्रव्य सौम्य असते. पैठणी रिठ्याच्या पाण्यात धुण्याची आजची रीतही याला दुजोरा देते. दख्खनमध्ये मिळणारा रिठा सॅपिन्डस ट्रायफोलिएटस या जातीचा, तर हिमालयाकडचा सॅपिन्डस मुकोरोसी.

दुसरा प्रश्न अधिक अवघड. ऊष म्हणजे खारी माती, आणि ती रेशमाला सांगितली आहे, हे वरील तर्काच्या नेमके विरुद्ध जाते. जमिनीवर फुलून येणाऱ्या खारात बायकार्बोनेटचे प्रमाण कमी-जास्त असते. तेव्हा ती पातळ करून थोडा वेळ वापरत असावेत, असे मानणे सयुक्तिक ठरते. शिवाय या वचनांचा हेतू मुळात विधीची शुद्धी हा आहे; त्यांतून परटाचा प्रत्यक्ष व्यवहार किती वाचावा याला मर्यादा आहेत.

'साबण' शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहे. पोर्तुगीज 'साबांव'पासून तो आला असे एक मत. अरबी-फार्सी 'साबून'पासून, असे दुसरे. दोन्ही मुळे शेवटी लॅटिनकडे जातात. गुरू नानकांच्या (1469–1539) जपजीत मळलेला कपडा साबणाने धुण्याचा दाखला आहे. त्या काळी पंजाबात पोर्तुगीज शब्द पोहोचणे संभवत नाही, त्यामुळे दुसरे मत अधिक बळकट ठरते. गोव्याच्या कोकणीतील 'साबू'वर पोर्तुगीजचा संस्कार असू शकतो. सतराव्या शतकात तुकारामांनी पाणीच निर्मळ नसेल तर साबण काय करणार, असे विचारले, त्याअर्थी शब्द तोवर देशावर रुळला होता. रिठा, साबण आणि परीट यांच्या इतिहासाची साधने पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी चिकाटीने गोळा केली.

धुरी : चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळाचे कपडे व अंथरुणे मळल्यास बदलावीत, दुसरी नसतील तर तीच नीट धुऊन, धुपवून, कोरडी करून वापरावीत असे सांगितले आहे. धुपासाठी यव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड, सापाची कात इत्यादी द्रव्ये तुपात कालवून घ्यायची. काश्यपसंहितेत धूपकल्प हा स्वतंत्र अध्यायच आहे. महाराष्ट्रात बाळंतिणीच्या खोलीतील धुरी याच परंपरेतली. शेगडीत गोवरीचे निखारे, त्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाच्या साली, चिमूटभर ऊद. वर विरळ विणीचे डालगे पालथे घालून त्यावर दुपटी आणि झबली पसरायची. पावसाळ्यात यात वासापेक्षा ऊब महत्त्वाची : कापड निखाऱ्याच्या धगीने खरोखर वाळते. धूर मात्र मूळ वासावर आपला वास चढवतो. तान्ह्या मुलाच्या श्वासाला तो बाधक असल्याने आता डॉक्टर धुरी देऊ नका म्हणतात.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) दालचिनी, वाळा, तमालपत्र समभाग व त्यांच्या निम्मी वेलची घेऊन, कस्तुरी-कापराने सुवासित केलेला 'पटवास' (कपड्यांना सुवास देणारे चूर्ण) सांगितला आहे. साडीच्या घडीत केवड्याची पात, पेटीत वाळा, वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला ठेवणे हे त्याचे घरगुती वारस. यांनी वास झाकतो, कसरही काहीशी दूर राहते.

सावधगिरी : रेशीम व लोकर यांना धुण्याचा सोडा लावू नये. ब्लीचिंग पावडर किंवा तिचे द्रावण वापरलेल्या बादलीत लिंबू वा शिरका घालू नये; क्लोरीन वायू सुटतो. डांबराच्या गोळ्यांमधील नॅप्थॅलिन घनरूपातून थेट वाफ होऊन कपड्यात मुरते. जी-6-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या अर्भकांत अशा कपड्यांमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. म्हणून बाळासाठी जपून ठेवलेली दुपटी गोळ्यांसोबत ठेवू नयेत. ठेवली गेलीच असतील, तर वापरण्यापूर्वी धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत वाऱ्यावर ठेवावीत.