कॅश बसवली, तरी डेटाबेस का बसतो?

(कणभौतिकीच्या प्रयोगांच्या डेटावर क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेले संगणक, चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

“स्क्विड ही कॅश बसवून दिलीत, तरी क्लस्टरवर हजारभर जॉब एकदम सोडले की डेटाबेस मान टाकतो. कनेक्शन वाढवून द्या.” असा फोन आला की आम्ही कनेक्शनला हात लावत नाही, आधी तुमची क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली मागणी, मागतो. काहींना ही टाळाटाळ वाटते. पण कनेक्शन वाढवले तर सर्व्हर आज नाही, उद्या पडतोच.

व्यवस्था तुम्हाला माहीत आहे. डिटेक्टरचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची मोजमापं दुरुस्त करायचे आकडे, मध्यवर्ती डेटाबेसात असतं. जॉब, म्हणजे क्लस्टरवर चालणारं एकेक काम, ते वेबच्या एचटीटीपीवरून मागतो आणि क्लस्टरजवळचा स्क्विड आलेलं उत्तर पुन्हा देण्यासाठी जपून ठेवतो. फ्रंटियर नावाची ही पद्धत अमेरिकेतल्या फर्मीलॅबमध्ये सीडीएफ या कणभौतिकीच्या प्रयोगासाठी तयार झाली. पुढे सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेतल्या सीएमएस आणि ॲटलास या प्रयोगांनीही ती स्वीकारली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) सीएमएसचं टियर-२, म्हणजे दुसऱ्या स्तराचं, संगणक केंद्र आहे, तिथल्या जॉबचा रस्ताही हाच.

घोळ होतो तो इथे. स्क्विडला क्वेरीचा अर्थ कळत नाही, तो फक्त मागणीचा वेब-पत्ता जुळवतो, आणि क्वेरी त्या पत्त्यातच लिहिलेली असते. एका जॉबने १०:४२:१७ चं कॅलिब्रेशन मागितलं आणि दुसऱ्याने १०:४२:१९ चं, तर उत्तर तेच असूनही पत्ते दोन. दोन्ही मागण्या थेट डेटाबेसावर. इव्हेंटची, म्हणजे डिटेक्टरने टिपलेल्या एका घटनेची, सेकंदापर्यंतची वेळ क्वेरीत घातली की हजार जॉबच्या हजार वेगळ्या क्वेरी होतात आणि कॅश नुसती शोभेला उरते. एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेत लिहिताना पडलेली जादा स्पेससुद्धा पत्ता बदलायला पुरते, हसू नका.

म्हणून वेळ ठराविक सीमेवर आणा. पूर्ण तासाचं किंवा पूर्ण रनचं (डेटा गोळा करण्याच्या एका सलग सत्राचं) कॅलिब्रेशन एकदम मागा आणि कोणत्या इव्हेंटला कोणतं लागू, ते जॉबच्या आत ठरवा. चार ओळी जादा येतील, येऊ द्या.

“मग शिळं कॅलिब्रेशन मिळालं तर?” साठवलेल्या उत्तराची मुदत संपली की स्क्विड ‘मूळ डेटा बदलला का’ एवढंच विचारतो; बदलला नसेल तर जुनंच उत्तर देतो. मुदत किती ठेवायची, ते मात्र तुमचं कॅलिब्रेशन किती वेळा बदलतं त्यावर ठरतं. ते आम्हाला आधी सांगा.

फोन करण्याआधी गर्दीच्या एका तासाचा स्क्विडचा ॲक्सेस लॉग आणि एक नमुना क्वेरी पाठवा. लॉगमध्ये ‘मिस’चीच (उत्तर कॅशमध्ये सापडलं नाही, अशा नोंदींची) रांग दिसली, तर नवा सर्व्हर घेण्याआधी क्वेरी दुरुस्त करू. वार्षिक करारात ही तपासणी धरलेलीच आहे. करार नसेल तर एका भेटीचे पैसे लागतील. नव्या सर्व्हरपेक्षा ते नक्कीच कमी.