वाळू खणली की गार लागते, इस्कियाला मात्र उलटं

भर दुपारी समुद्रावर पाय भाजायला लागले की आपण काय करतो, वाळू उकरतो आणि पाय आत खुपसतो. चार बोटं खाली गेलं की वाळू गार, ओलसर. गणपतीपुळ्याला करा, हर्णैला करा, मालवणला करा, सगळीकडे तेच. कारण साधं आहे, उष्णता वरून येतेय, सूर्याकडून, आणि कोरड्या वाळूत कणाकणांमध्ये हवा असते त्यामुळे ती उष्णता खाली पोचतच नाही, वरचा थर तापून लाल होतो आणि खालच्याला पत्ताही नसतो.

आईला घेऊन इटलीला गेले होते तेव्हा इस्किया बेटावर मारोंतीच्या किनाऱ्यावर तिने सवयीने हेच केलं, चप्पल काढून बसली, वाळूत हात घातला आणि झटकन मागे घेतला. "अगं, ही खालनं तापलीये!" म्हणाली. तेव्हापासून मला या बेटाबद्दल लिहायचंच होतं, कारण सगळं विज्ञान त्या एका वाक्यात आहे.

इस्किया हे नेपल्सच्या आखाताच्या तोंडाशी असलेलं साधारण ४६ चौरस किलोमीटरचं बेट. नेपल्सहून जलद बोटीने तासाभरात पोचतो आणि ज्या गोल बंदरात आपण उतरतो ना, ते बंदर म्हणजे मुळात एका ज्वालामुखीच्या विवरातलं तळं होतं, १८५४ मध्ये तिथल्या बूर्बों राजाने तळं आणि समुद्र यांच्यामधली जमीन कापून ते समुद्राला जोडलं. म्हणजे बेटावर पहिलं पाऊल टाकता तेच विवराच्या काठावर. तिथून बस बेटाला वळसा घालत सांत आंजेलो गावापर्यंत जाते, गावात गाड्यांना बंदी आहे त्यामुळे पुढे पायी, आणि खाली धक्क्यावरून छोट्या होड्या मारोंतीला नेतात.

मारोंती हा बेटावरचा सगळ्यात मोठा वाळूचा किनारा, दक्षिणेकडे तोंड करून पसरलेला. मागे सरळ उभे कडे, मधेमधे खोल घळी, त्यांना तिथे 'कावा' म्हणतात. वाळू पांढरी नाही, तपकिरी करडी, मधेच काळ्या रेषा. या वाळूतला कण न् कण ज्वालामुखीचा आहे, पावसाने कड्यांवरून धुऊन घळीतून खाली आणलेला. काळे कण बरेचसे मॅग्नेटाइटचे म्हणजे लोहचुंबकाला चिकटणारे, आणि काचेसारखे चमकणारे जे बारीक तुकडे दिसतात ते सॅनिडीन नावाच्या खनिजाचे, तप्त शिलारस थंड होताना त्यात हे स्फटिक तयार होतात. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, तेसुद्धा खडक झिजूनच आलेलं, पण तिथला खडक कोट्यवधी वर्षं जुना आणि इथला हजारो वर्षांचा, तसा अगदी ताजा म्हणायचा.

किनाऱ्याच्या सांत आंजेलोकडच्या टोकाला 'ले फुमारोले' नावाची जागा आहे. फुमारोला म्हणजे जमिनीतून वाफ बाहेर पडते ती भेग. तिथे वाळूतून पांढरी वाफ निघताना दिसते, गंधकाचा हलका वास येतो आणि सगळ्यात गरम जागेत अनवाणी जायचं नाही. आणि तिथले लोक तिथे काय करतात तर बटाटे, अंडी, कोंबडी फॉइलमध्ये गुंडाळून वाळूत पुरतात आणि पोहायला जातात! आमच्या शेजारच्या कुटुंबाने बटाटे पुरले होते, आजोबांनी फावड्याने काढले आणि आईच्या हातात एक ठेवला, ती नको नको म्हणत होती पण खाल्लान तिने, मीठ लावून. आतपर्यंत शिजलेला होता.

आता प्रश्न असा की वाळू किती गरम? तर शंभर अंशांच्या आसपास. दीडशे नाही, दोनशे नाही, शंभर. खाली कितीही उष्णता असली तरी वर शंभरच का, हे मला फार आवडतं समजावून सांगायला. उकडीचे मोदक करताना मोदकपात्राखाली गॅस मोठा केला म्हणून मोदकाभोवतीची वाफ शंभराच्या फारशी वर जात नाही, पाणी फक्त जास्त वेगाने उकळतं, कारण जोपर्यंत पाणी शिल्लक आहे तोपर्यंत जादाची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. मारोंतीची वाळू म्हणजे मोदकपात्राची जाळीच. खालून वाफ येते, वाळूत थोडी थंड झाली की तिचं परत पाणी होतं, पाणी होताना एका ग्रॅममागे साधारण ५४० कॅलरी उष्णता सोडून देते, ती वाळूला मिळते, बटाट्याला मिळते. तुलनेसाठी, तेच एक ग्रॅम उकळतं पाणी अंगावर पडून अंगाइतकं थंड झालं तर साठ-पासष्ट कॅलरी सोडतं. म्हणून स्वयंपाकघरात वाफेचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट असतो, आणि म्हणूनच त्या वाळूत खोलवर हात घालायचा नाही, हे मुलांना घेऊन जाणाऱ्यांना मी अगदी कळकळीने सांगेन. बटाट्यातलं पिष्ट साठ ते सत्तर अंशांमध्ये फुगून मऊ व्हायला लागतं, अंड्याचा पांढरा भाग साठीच्या थोडं पुढे घट्ट व्हायला लागतो, त्यामुळे शंभर अंश भरपूर झाले.

मग ही वाफ येते कुठून. बेटाच्या मधोमध एपोमेओ नावाचा डोंगर आहे, ७८९ मीटर उंच. दिसतो अगदी ज्वालामुखीसारखा, आणि बरेच जण तसंच समजतात, पण तो ज्वालामुखीचा शंकू नाहीच. साधारण ५५,००० वर्षांपूर्वी इथे प्रचंड उद्रेक झाला, खालच्या शिलारसाचं कोठार इतकं रिकामं झालं की वरची जमीन छप्पर कोसळावं तशी आत खचली आणि तिथे समुद्र शिरला. उद्रेकाची राख त्या खळग्यात साठून तिचा दगड झाला, खाऱ्या पाण्याच्या सहवासात त्याला हिरवट रंग आला, तोच तिथला प्रसिद्ध हिरवा टफ, बेटावर घरांच्या भिंतींत, कुंपणात सगळीकडे दिसतो. नंतर खालच्या कोठारात नवा शिलारस भरायला लागला आणि त्याने हा अख्खा खचलेला तुकडा हळूहळू परत वर उचलला. किती? नऊशे मीटरच्या आसपास! समुद्राच्या तळाशी बसलेला गाळ आज डोंगराच्या उतारावर सापडतो. मला तर हे उद्रेकापेक्षाही जास्त थक्क करणारं वाटतं, उद्रेक एकदा होतो आणि संपतो, हे मात्र तीसेक हजार वर्षं चाललं.

एवढा मोठा तुकडा वर सरकला म्हणजे त्याच्या कडांना जमीन फाटणारच. बेटावरचे गरम झरे आणि वाफेच्या भेगा नेमक्या त्या कडांवर आहेत, उत्तरेला कासामिच्चोला आणि लाक्को आमेनो, पश्चिमेला फोरियो, दक्षिणेला सांत आंजेलो आणि मारोंती. पावसाचं पाणी आणि समुद्राचं पाणी दोन्ही भेगांतून खाली मुरतं, तापतं, हलकं होतं आणि भेगांतूनच वर येतं. खाली किती गरम आहे हे अंदाजाने सांगत नाहीये, विसाव्या शतकात तिथे वीज करता येईल का हे बघायला विहिरी खोदल्या होत्या आणि साधारण एक किलोमीटर खोलीवर दोनशे अंशांच्या वर तापमान मिळालं. एरवी पृथ्वीवर बहुतेक ठिकाणी किलोमीटरभर खाली गेलं की तापमान पंचवीस-तीस अंशांनीच वाढतं.

इथे आईने लगेच विचारलं, मग आपल्या तुरळच्या कुंडाखाली पण ज्वालामुखी आहे का? तिचं माहेर संगमेश्वरकडचं, तुरळचं गरम पाणी तिने लहानपणापासून पाहिलंय. तर नाही. आपले दख्खनचे लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, त्यांची उष्णता कधीच निघून गेली. तुरळ, राजवाडी, दापोलीजवळचं उन्हवरे, वज्रेश्वरी-गणेशपुरी, या सगळ्या ठिकाणी पावसाचं पाणी जमिनीतल्या खोल भेगांतून बरंच खाली उतरतं, तिथे पृथ्वीच्या नेहमीच्याच उष्णतेने तापतं आणि पटकन वर येतं, मधे थंड व्हायला वेळ मिळत नाही. म्हणजे कोकणात पाणी उष्णतेकडे जातं आणि इस्कियाला उष्णताच वर पाण्याकडे आलीये.

आणि ती अजून विझलेली नाही. शेवटचा उद्रेक १३०२ सालचा, आर्सोचा, लाव्हा वाहत समुद्रापर्यंत गेला, आज त्या लाव्हावर पाइनची दाट झाडी आहे आणि लोक सावलीत बाकांवर बसलेले असतात. खरा धोका मात्र भूकंपाचा. २८ जुलै १८८३ च्या रात्री कासामिच्चोला जवळजवळ जमीनदोस्त झालं, दोन हजारांवर माणसं गेली, पुढे मोठे तत्त्वज्ञ झालेले बेनेदेत्तो क्रोचे तेव्हा १७ वर्षांचे होते, ते ढिगाऱ्यातून वाचले पण आई-वडील आणि बहीण गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये जेमतेम ४ तीव्रतेचा भूकंप झाला तरी घरं पडली आणि दोन माणसं दगावली, कारण भूकंपाचं केंद्र अवघं दोनेक किलोमीटर खाली होतं, इतक्या जवळून धक्का बसला की तो विरायला जागाच नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अतिवृष्टीने एपोमेओचा उतार घसरला, त्यात १२ जण गेले. किनाऱ्याला वाळू देणारा जो ठिसूळ खडक आहे तोच हा.

गरम पाण्याचा उपयोग तर माणसाने इथे फार पूर्वीपासून केलाय. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात ग्रीक लोक इथे येऊन राहिले, बेटाला त्यांनी पिथेकूसाइ नाव दिलं. मारोंतीच्या मागच्या काव्हास्कुरा घळीत खडकात कोरलेली जुनी स्नानकुंडं आहेत, अजून चालू आहेत. १५८८ मध्ये जुलियो याझोलिनो या वैद्याने इथल्या झऱ्यांवर पुस्तकच लिहिलं, कुठलं पाणी कशाला चांगलं वगैरे. १९१८ मध्ये मारी क्युरी इथल्या पाण्यातली किरणोत्सर्गिता बघायला आल्या होत्या, खडकातून येणारा रेडॉन वायू पाण्यात मिसळलेला असतो त्यामुळे. तेव्हा किरणोत्सर्ग म्हणजे औषधच असं लोकांना वाटायचं, आज आपल्याला जास्त कळतं. माझं मत विचाराल तर गरम पाण्याने दुखरे सांधे आणि स्नायू सैल होतात, बरं वाटतं, आईच्या गुडघ्यांना दोन दिवस नक्की आराम पडला, त्यापलीकडचे बरे होण्याचे दावे मी मानत नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते मात्र बेटाच्या दुसऱ्या टोकाला, आरागोनेसे किल्ल्याच्या पायथ्याशी. तिथे उथळ समुद्राच्या तळातून बुडबुडे येतात, सोडावॉटरसारखे. ते गरम नसतात, गंधकाचा वास नाही, जवळजवळ निव्वळ कार्बन डायऑक्साइड. तो पाण्यात विरघळला की पाणी आम्लाकडे झुकतं, आणि आपण हवेत जो धूर सोडतोय त्याने जगभरच्या समुद्राचं हळूहळू हेच होतंय. म्हणजे शंभर वर्षांनंतरचा समुद्र कसा असेल ते किल्ल्याखाली पोहण्याचा चष्मा लावून बघता येतं. जेसन हॉल-स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं की बुडबुड्यांच्या जवळ जावं तसे चुनखडीचं कवच करणारे जीव कमी कमी होत जातात, गोगलगायींची शिंपली झिजून विरघळायला लागलेली सापडली, समुद्रगवत मात्र जोमात. सामू म्हणजे पीएच, पाणी जितकं आम्लाकडे झुकतं तितका तो खाली येतो, बाहेर आठाच्या वर असलेला हा सामू तिथे घसरत जातो आणि त्याबरोबर समुद्राची वस्तीच बदलते, थोड्याच अंतरात. प्रयोगशाळेतल्या टाकीत हे दाखवायचं तर चार-सहा महिन्यांचं दाखवता येतं, इथे अनेक पिढ्यांचं उघड्यावर मांडलेलं आहे.

शेवटच्या दिवशी आम्ही पान्त्साजवळच्या सोर्जेतोला गेलो. दोनशेहून जास्त पायऱ्या उतरून जावं लागतं, आई थांबत थांबत उतरली. तिथे वाळू नाही, गोटे आहेत, आणि गोट्यांखालून नव्वद अंशांच्या जवळपासचं पाणी थेट समुद्रात येतं, लोकांनी दगड रचून छोटी छोटी डबकी केलीत. लाट आली की गार, लाट गेली की कढत, जिथे झरा लागतो तिथून हातभर सरकलं तर अंगाला सोसेल असं. गरम पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, त्यामुळे झऱ्यापासून जरा लांब उभं राहिलं तर मांड्यांना ऊब आणि तळव्यांना थंडावा, म्हणजे वर गरम आणि खाली गार, पुन्हा आपल्या ओळखीचं. आईने दोन-तीन दगड हलवून बघितले, एक जागा पक्की केली आणि मला म्हणाली, "ये, इथे बस, इथलं आंघोळीसारखं आहे."