मुतारीचा वास कुठून येतो आणि लेडीजची लाइन का हलत नाही

"आपल्या लोकांना सवयच नाही हो", दादर, ठाणे, कल्याण कुठल्याही स्टेशनच्या टॉयलेटसमोरून नाकाला रुमाल लावून जाताना कोणीतरी हे म्हणतंच आणि बाकीचे माना डोलावतात. सवयीचा भाग आहेच, नाही असं नाही, बेसिनमध्ये पान थुंकणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण नुसता वास आणि नुसती लाइन एवढंच बघितलं तर त्यात लोकांच्या संस्कारांचा हात आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी आहे. बाकीचं काम पाइपात साचलेला खार, सुकलेला ट्रॅप (पाइपाचा पाणी धरून ठेवणारा वाक) आणि एका दाराला लावलेलं कुलूप करतं.

आधी वासाचं बघू. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यात ९५ टक्के पाणी, थोडे क्षार आणि युरिया, म्हणजे शेतकरी गोणीने आणतो तोच, आपलं शरीरही दिवसाला वीस-तीस ग्रॅम बनवतं. युरियाला स्वतःचा असा वास नाही आणि नुसत्या पाण्यात तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहू शकतो. भानगड सुरू होते ती जंतूंमुळे. पाइपात, फरशीच्या सांध्यात, जाळीखाली जे जंतू वस्ती करून असतात त्यातल्या बऱ्याच जणांकडे युरिएज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया झटपट घडवणारं प्रथिन, असतं आणि ते युरिया फोडून अमोनिया मोकळा करतं. हे युरिएज तसं ऐतिहासिक एन्झाइम आहे, १९२६ मध्ये जेम्स सम्नर या अमेरिकन केमिस्टने आपल्या अबईच्या भावकीतल्या जॅक बीन नावाच्या शेंगेतल्या दाण्यांपासून त्याचे शुद्ध स्फटिक बनवले, तोवर कुठल्याच एन्झाइमचे स्फटिक कोणी बनवले नव्हते, त्यासाठी १९४६ चं नोबेलही त्याला (वाटून) मिळालं. तर मुतारीत जे काही चाललेलं असतं ते नोबेलवालं काम आहे, फक्त जागा चुकलीय.

अमोनिया झाला की लघवीचा पीएच (आम्लपणा मोजायचं माप, सातच्या खाली आम्ल, वर अल्कली) सहाच्या आसपासवरून नऊपर्यंत चढतो, आणि त्याने एकदम दोन गोष्टी होतात. पीएच सहा असताना जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियम आयनच्या रूपात पाण्यात विरघळलेला असतो, तो हवेत येत नाही म्हणून वासही येत नाही. पीएच नऊला गेला की त्यातला एक तृतीयांशाहून जास्त भाग मोकळा गॅस म्हणून सुटायला तयार असतो, आणि मुंबईच्या उकाड्यात त्याहून जास्त. डोळे चुरचुरतात ते म्हणूनच, अमोनिया नुसता वासाच्या नसांना नाही तर चेहऱ्याच्या झोंबणं-टोचणं कळवणाऱ्या नसेलाही डिवचतो. काही मिनिटं आत थांबलं की वास कमी झाल्यासारखा वाटतो, तो कमी झालेला नसतो, नाक कंटाळलेलं असतं.

दुसरी गोष्ट जास्त चिवट. पीएच चढला की लघवीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फेट विरघळलेलं राहू शकत नाही आणि खडा बनून पाइपाला चिकटतं. गिझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर चढतो तसाच हा, फक्त पिवळट तपकिरी आणि खरखरीत, प्लंबर लोक त्याला सरळ खार म्हणतात. त्यात स्ट्रुव्हाइट नावाचा एक क्षार असतो, युरिएजवाले जंतू मूत्रमार्गात वाढले तर काही जणांना जो मूतखडा होतो तोही ह्याच क्षाराचा, म्हणजे पाइपाला झालेला मूतखडाच म्हणा. हा थर आतून सच्छिद्र असतो, त्यात जुनी लघवी मुरते, जंतू घर करतात आणि मग पुढची लघवी तिथे पोचली की तिचा अमोनिया व्हायला आणखी कमी वेळ लागतो. फ्लशला बोअरचं जड पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम वरून भर घालतं.

एका स्टेशनवर एक सफाईवाले मामा स्क्रूड्रायव्हरने मुतारीच्या भांड्याची जाळी उचकटून खालचा थर खरवडत होते, पापुद्रे निघत होते बोटाएवढ्या जाडीचे. मी बाहेर उभी राहून बघतेय म्हटल्यावर म्हणाले, "ताई, वरून कितीही धुवा, वास आतून मारतो." दोन परिच्छेद मी जे लिहिलं ते मामांनी सात शब्दांत सांगितलं.

आता आपण साफसफाई म्हणून काय करतो तर फिनेल टाकतो. फिनेल जंतू मारतं, वरवरचे, पण खाराला हातही लावत नाही, त्यामुळे तासाभराने फिनेल अधिक अमोनिया असा मिश्र वास येतो. डांबरगोळ्या तर नुसत्या उडतात आणि आपला वास वर चढवतात, खालचा तिथेच. बादलीने पाणी मारून फरशी धुणं हे दिसायला फार छान, पण टाइल्सच्या मधल्या सिमेंटच्या सांध्यांना बारीक भोकं असतात, पातळ झालेली लघवी त्यात जाऊन बसते आणि फरशी दिवसभर ओली राहिली की जंतूंची चैन. धुतल्यावर वायपर मारून फरशी कोरडी केली तर निम्मं काम होतं, आणि ते करायला माणूस लागतो, मशीन नाही. खार काढायला मात्र ॲसिडच पाहिजे. बाजारातल्या टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं ते ह्यासाठीच, साधं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, सुद्धा हळूहळू तेच करतं आणि वर मोकळ्या अमोनियाचा परत बिनवासाचा अमोनियम करून टाकतं.

इथे एक गोष्ट घरच्यांसाठीही: ॲसिडवाला क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र ओतू नका, क्लोरीन गॅस निघतो. ब्लीच आणि अमोनिया भेटले की क्लोरामाइन, तोही फुफ्फुसाला वाईट. छोट्याशा बंद खोलीत, एक्झॉस्ट बंद असताना, ज्या मावशींच्या हातात दोन बाटल्या देऊन "चकाचक पाहिजे" सांगितलं जातं त्यांना हे कोणी सांगतं का, हा मला पडलेला प्रश्न आहे.

ट्रॅपची गंमत वेगळी. संडासच्या भांड्याखाली पाइप वाकडा असतो आणि त्या वाकात थोडं पाणी कायम उभं असतं, फरशीच्या जाळीखालीही असतं, त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. त्या साधारण दोन इंच पाण्याच्या बुचामुळे गटारातला गॅस वर येत नाही. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ मध्ये ह्याचं पेटंट घेतलं आणि अडीचशे वर्षांत कल्पना फारशी बदललेली नाही, कारण बदलायची गरजच नाही. फक्त पाणी पाहिजे. वापर थांबला की पाणी उडून जातं आणि गटाराचं तोंड थेट खोलीत उघडतं. हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स नावाच्या वसाहतीत २००३ मध्ये सार्स या श्वसनाच्या साथीच्या रोगाची ३०० हून जास्त लोकांना लागण झाली, तेव्हा तपासात बाथरूमच्या फरशीचे सुकलेले ट्रॅप हे एक मोठं कारण निघालं. स्टेशनवर एखादा संडास "नादुरुस्त" म्हणून महिनाभर बंद ठेवला की त्याचे ट्रॅप सुकतात आणि बंद दाराच्या फटीतून सगळ्यात जास्त वास तिथूनच येतो. घाण होते म्हणून कुलूप लावलं आणि कुलूप लावलं म्हणून वास वाढला.

आणि ते कुलूप फक्त वासापुरतं नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा गणितज्ञ होता, त्याने शंभरेक वर्षांपूर्वी कॉल लागायला किती थांबावं लागेल ह्याचं सूत्र काढलं, ते टॉयलेटच्या लाइनला जसंच्या तसं लागू पडतं. समजा लेडीजमध्ये चार दारं आहेत, तासाला १०८ बायका येतात, म्हणजे मिनिटाला दोनसुद्धा नाहीत, आणि प्रत्येकीला सरासरी दीड मिनिट लागतं. सूत्रात घातलं तर सरासरी थांबावं लागतं २७ सेकंद, म्हणजे काहीच नाही. आता एका दाराला कुलूप. तीन दारं तासाला १२० जणींना पुरतात, येतायत १०८, वरवर वाटतं भागलं की. पण थांबायचा वेळ होतो चार मिनिटांच्या वर! दार गेलं पाव, लाइन झाली नऊपट. कारण येणाऱ्यांचा वेग सोयीच्या टोकाला टेकायला लागला की रांग सरळ रेषेत वाढत नाही, उसळते. दुसरंही दार बंद झालं की हिशोबच संपला, दोन दारांतून तासाला ८० जणी बाहेर पडणार आणि १०८ येणार, लाइन वाढतच जाणार. हे सगळं बायका एकेकट्या येतायत असं धरून, प्रत्यक्षात एक फास्ट लोकल येते आणि एकदम वीस जणी येतात, म्हणजे खरं चित्र ह्याहून वाईट.

जेन्ट्सला हे भोगावं लागत नाही ह्याचं कारण जागा. बेल्जियमच्या गेंट युनिव्हर्सिटीतल्या दोघांनी २०१७ मध्ये असंच मॉडेल चालवलं होतं. तेवढ्याच क्षेत्रफळात पुरुषांच्या बाजूला मुताऱ्या धरून २० ते ३० टक्के जास्त सोय बसते, वर बायकांना वेळ जास्त लागतो, आणि त्यांच्या एका उदाहरणात बायका सहा मिनिटांच्या वर थांबत होत्या तर पुरुष ११ सेकंद. दोघांना सारखी जागा दिली म्हणजे समानता झाली असं आर्किटेक्टला वाटत असेल तर त्याने एकदा गर्दीच्या वेळी लेडीजच्या लाइनमध्ये उभं राहून दाखवावं.

बरं ते दीड मिनिट जातं कशात? २०१४ मध्ये जॉर्जिया टेकच्या लोकांनी प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांचे व्हिडिओ बघून काढलं की तीन किलोच्या वरचा कुठलाही सस्तन प्राणी, हत्तीसकट, मूत्राशय रिकामं करायला साधारण २१ सेकंद घेतो, मोठ्या प्राण्याची नळीही लांब आणि रुंद असते म्हणून धार जोरात पडते आणि वेळ तेवढाच राहतो. त्यांना ह्यासाठी पुढच्या वर्षी इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. म्हणजे दीड मिनिटातली वीसेक सेकंदं शरीराची, बाकी सगळी कडी नीट लागत नाही, पर्स कुठे ठेवू, ओढणी कुठे टांगू, डबा दातात धरू का, मगमध्ये पाणी येईना, ह्याची. मी म्हणून परत गणित केलं: कुलूप तसंच ठेवा, तीनच दारं, पण दाराच्या आत एक धड हुक आणि चालणारी कडी द्या आणि प्रत्येकीची १५ सेकंदं वाचवा. थांबायचा वेळ चार मिनिटांवरून एका मिनिटाच्या आत येतो. दहा-वीस रुपयांचा हुक! स्टेशनच्या दर्शनी भागाला रोषणाई करण्यापेक्षा स्वस्त पडेल असा अंदाज आहे.

लाइन लांब असली की बायका काय करतात तर लाइनच लावत नाहीत, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. सीएसएमटी ते कसारा साधारण १२० किलोमीटर, अडीच तासांच्या आसपासचा प्रवास, लोकलच्या डब्यात टॉयलेट नाही, त्यामुळे हा हिशोब प्रत्येकीच्या डोक्यात पक्का असतो. मूत्राशयात दीड-दोनशे मिली साठलं की पहिली जाणीव होते, चारशे-पाचशेला बसवत नाही, आणि मधल्या काळात एखाद दिवस धरून ठेवलं म्हणून मूत्राशय फुटत नाही. त्रास रोजच्या कमी पाण्याचा आहे. बायकांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटरची, पुरुषांची वीसच्या आसपास, म्हणून आतड्यातले ई. कोलाय जंतू बायकांच्यात वर पटकन पोचतात, आणि त्यांना बाहेर लोटायचा साधा मार्ग म्हणजे वारंवार लघवी होणं. ज्यांना लघवीचं इन्फेक्शन परत परत होतं अशा १४० बायकांवर केलेली एक चाचणी २०१८ मध्ये छापून आली, त्यात निम्म्या जणींना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितलं आणि वर्षभरात त्यांचं इन्फेक्शनचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. गोळी नाही, काही नाही, पाणी. आणि आपल्याकडे बाई नेमकं तेच बंद करते कारण प्लॅटफॉर्मवरच्या दाराला कुलूप असतं.

सीटवरून इन्फेक्शन येतं ही भीती मात्र बरीचशी वाढवलेली आहे, हे जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातून येतात. त्या भीतीने कमोडवर न टेकता अधांतरी बसणं हे उलट अंगाशी येतं, कारण मांड्या आणि ओटीपोटाखालचे स्नायू आवळलेले राहतात. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये मोजून बघितलं तेव्हा अशा बसण्यात धार मंदावत होती आणि आत उरणारी लघवी वाढत होती. त्यापेक्षा भारतीय पद्धतीचं भांडं बरं, तिथे नीट उकिडवं बसता येतं, फरशी कोरडी असली तर.

मुंबईत 'राइट टू पी', म्हणजे बायकांच्या लघवीच्या हक्काच्या, चळवळीने २०११ च्या आसपास हा विषय चव्हाट्यावर आणला, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हे तेव्हा मोजून दाखवलं. त्यातलं मोजून दाखवणं आपल्यालाही जमण्यासारखं आहे. रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनवर किंवा रेलमदद ॲपवर तक्रार टाकताना "अतिशय घाण, लाज वाटते" असं लिहिलं की ती सफाईवाल्याकडे जाते आणि तो बिचारा अजून एक बादली फिनेल मारतो. त्याऐवजी प्लॅटफॉर्म नंबर लिहा, दारं किती आणि त्यातली उघडी किती, फ्लशला पाणी येतंय का, जाळीखालचा ट्रॅप कोरडा दिसतोय का, एक्झॉस्ट फिरतोय का, आतून कडी आणि हुक आहे का, आणि जमलं तर बंद दाराचा फोटो तारखेसकट.