मॅट स्क्रीन प्रकाश गिळत नाही

लॅपटॉपच्या दुकानात एक वाक्य ठरलेलं असतं: "अँटी-ग्लेअर आहे साहेब, उन्हातसुद्धा झक्कास दिसेल." ऐकणारा मान डोलावतो, पैसे मोजतो, आणि गच्चीत बसून एक्सेल उघडतो तेव्हा कळतं की आकडे कुठे आहेत तेच दिसत नाही.

लॅपटॉपची स्क्रीन दोन तऱ्हेची: ग्लॉसी आणि मॅट. ग्लॉसी म्हणजे काय, हे मोबाइल वापरणाऱ्याला सांगायला नको. चकचकीत काच, बोटांचे डाग, बंद केली की आरसा. रंग टवटवीत, काळा गडद. टचस्क्रीन आणि ओएलईडी (जिचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो अशी स्क्रीन) बहुतेक ग्लॉसीच येतात.

घोळ सगळा मॅटचा आहे. मॅट स्क्रीन प्रकाश शोषून घेते, असा समज पक्का बसलाय. शोषत-बिषत काही नाही. तिचा पृष्ठभाग बारीक खरखरीत असतो, त्यामुळे पडलेला प्रकाश एकाच दिशेने परत न येता चहूकडे विखुरतो. पॉलिश केलेल्या कडप्प्यात ट्यूबलाइट जशीच्या तशी दिसते, खरखरीत शहाबादीवर नुसता उजेड पसरतो, तसंच. अँटी-ग्लेअर म्हणतात ते हे. अँटी-रिफ्लेक्शन ही वेगळीच भानगड आहे: काचेवर इतका पातळ थर द्यायचा की परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना मारून टाकतात. चष्म्याच्या काचेवर हिरवट-जांभळी झाक दिसते ना, तेच कोटिंग. साधी काच समोरून आलेल्या प्रकाशातला सुमारे ४ टक्के परत फेकते; चांगला थर हे प्रमाण १ टक्क्याच्या खाली आणतो. आणि तो ग्लॉसी स्क्रीनवरही असू शकतो. मॅकबुकच्या चकचकीत काचेवर असतोच.

आता पाठीमागे खिडकी आहे असं धरा. उजळ आकाश सहज ५,००० निट्सचं (निट्स म्हणजे उजळपणाचं माप) असतं. त्याचे ४ टक्के म्हणजे २०० निट्स, आणि स्वस्तातल्या लॅपटॉपची स्क्रीन मुळात २५० निट्सची! ग्लॉसीवर ती खिडकी चौकटीसकट मजकुरावर येऊन बसते. मॅट तिला फेसून पातळ करते, अक्षरं वाचता येतात. एकच दिवा, एकच खिडकी असेल तर मॅटला तोड नाही, आणि ऑफिसच्या कामाला मी डोळे मिटून मॅटच घेईन.

पण गच्चीत, अंगणात उजेड चारी बाजूंनी येतो. तिथे विखरून विखरणार कुठे? सगळ्या स्क्रीनवर पांढुरका पडदा चढतो, काळ्याचा राखाडी होतो. तिथे मॅट की ग्लॉसी यापेक्षा निट्स किती आणि अँटी-रिफ्लेक्शन आहे का, हे बघायचं. २५० निट्सची मॅट उन्हात काही कामाची नाही, दुकानदार काहीही म्हणो. बाहेर काम करायचं असेल तर ४०० च्या खाली बघूच नका.

"मॅट डोळ्यांना चांगली" हेही असंच मोघम. प्रतिबिंब टाळण्यासाठी मान वाकडी करून बसणाऱ्याला आराम पडेल, एवढंच.

आणि ग्लॉसी लॅपटॉप घेऊन त्यावर मॅट गार्ड चिकटवणाऱ्यांना हात जोडून विनंती: नका करू. पांढऱ्या पानावर रंगीत कण चमचमतात, बारीक अक्षरं फिसकटतात, आणि पातळ लॅपटॉपमध्ये झाकण व कीबोर्डमधली फट आधीच इतकी कमी असते की गार्डच्या जाडीने स्क्रीनवर दाब येतो. त्यापेक्षा टेबल फिरवून खिडकी बाजूला घ्या, फुकटात काम होतं.