मिरजेच्या रिपोर्टमधला नारिंगी उजेड

आईचा थायरॉईडचा रिपोर्ट घेऊन मिरजेहून सांगलीला परत येत होते. टीएसएचचा, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणाऱ्या हार्मोनचा, आकडा नेहमीपेक्षा खूपच कमी. गोळी तीच, डोस तोच, आईला त्रास काहीच नाही. पुन्हा पुन्हा कागद बघताना आकड्याखालची बारीक अक्षरं दिसली: 'पद्धत - ईसीएलआयए'. बऱ्याच रिपोर्टवर ही अक्षरं असतात. त्यांचा अर्थ असा, की एका द्रवात वीज सोडली, तो उजळला, आणि तो उजेड मोजून हा आकडा काढला.

मिठाच्या पाण्यात बॅटरीच्या तारा बुडवल्या तर बुडबुडे येतात, उजेड पडत नाही. जुन्या बल्बची तार उजळायची ती तापून लाल-पिवळी झाल्यामुळे. इथे मात्र द्रव थंडच राहतो. मग उजेड येतो कुठून?

याचं अर्धं उत्तर आपल्या हळदीच्या डब्यात आहे. चिमूटभर हळद सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळा, गाळ खाली बसू द्या आणि अंधारात त्यावर नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारा. पिवळं स्पिरिट हिरवट उजळतं. हळदीतल्या करक्युमिनमधला इलेक्ट्रॉन टॉर्चची ऊर्जा घेऊन वरच्या पायरीवर चढतो आणि खाली उतरताना ती ऊर्जा उजेड म्हणून टाकतो. मी हे कितीदा केलंय, दरवेळी हरखून जाते.

आता टॉर्च काढून घ्या आणि इलेक्ट्रॉनला पायरी चढवायचं काम विजेकडे द्या. ल्युमिनॉल नावाच्या रसायनाच्या द्रावणात वीज सोडल्यावर उजेड पडतो, हे हार्वे या शास्त्रज्ञांनी 1929 मध्येच नोंदवलं होतं. 1965 मध्ये टेक्सास विद्यापीठात संथानम आणि बार्ड या रसायनशास्त्रज्ञांनी अशा उजेडाचा बारकाईने अभ्यास मांडला. हे संथानम पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. 1972 मध्ये बार्ड यांच्याच प्रयोगशाळेत रुथेनियमचं संयुग असं उजळताना दिसलं. रुथेनियम हा प्लॅटिनमच्या कुटुंबातला धातू, आणि आज लॅबमधल्या यंत्रात तोच काम करतो.

वीज सुरू झाली की इलेक्ट्रोडपाशी, म्हणजे द्रवात वीज पोहोचवणाऱ्या पट्टीपाशी, रुथेनियमचं संयुग एक इलेक्ट्रॉन गमावतं. सोबतीला ट्रायप्रोपिलअमाईन नावाचं रसायन असतं. तेही एक इलेक्ट्रॉन गमावतं, मग एक प्रोटॉन सोडतं, आणि त्यानंतर त्याला आणखी एक इलेक्ट्रॉन देऊन टाकायची विलक्षण घाई होते. तो रुथेनियमच्या पदरात पडतो, पण तळाला नाही, वरच्या पायरीवर. तिथून उतरताना साधारण 620 नॅनोमीटरचा नारिंगी-लाल उजेड. रुथेनियम पुन्हा होतं तसं, पुढच्या फेरीला तयार. खर्ची पडतं ते ट्रायप्रोपिलअमाईन.

बाहेरून टॉर्च मारायचाच नसल्यामुळे यंत्राच्या आत मिट्ट काळोख असतो. चांदोलीच्या जंगलात पावसाळ्याच्या तोंडावर एकुलता काजवाही लांबून दिसतो, तो काळोखामुळेच. म्हणून रक्तातलं अगदी नाममात्र टीएसएचसुद्धा मोजता येतं.

ते पकडायला दोन अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूलाच धरणारी प्रथिनं, लागतात. एकीला रुथेनियम जोडलेलं, दुसरीला बायोटिन हे जीवनसत्त्व. टीएसएचचा रेणू दोघींच्या मध्ये अडकतो. मग लोहचुंबकाकडे ओढले जाणारे सूक्ष्म मणी सोडतात. त्यांच्यावर स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन असतं, आणि ते बायोटिनला घट्ट धरतं. चुंबक मणी इलेक्ट्रोडवर ओढून घेतो, न चिकटलेलं सगळं धुऊन जातं, आणि वीज सुरू होते. जितकं टीएसएच, तितका उजेड.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि आईला विचारलं, "काकू, केसांसाठी काही गोळ्या घेताय का?"

घेत होती. पाकिटावर लिहिलं होतं: बायोटिन, 10,000 मायक्रोग्रॅम. तेच बायोटिन. रक्तात ते इतकं झालं होतं की मण्यांवरच्या जागा त्यानेच अडवल्या. टीएसएच धरून बसलेल्या अँटिबॉडींना चिकटायला जागाच उरली नाही, त्या धुऊन गेल्या, उजेड कमी पडला आणि आकडाही कमी आला. हल्लीचे काही किट याला सहज फसत नाहीत, तरी रक्त देताना अशा गोळ्यांबद्दल लॅबमध्ये सांगावंच.

डॉक्टरांनी केसांच्या गोळ्या थांबवायला सांगितल्या. आठवड्याने आईने पुन्हा रक्त दिलं, त्याच लॅबमध्ये, त्याच यंत्रावर. टीएसएच नेहमीच्या जागी होतं.