फ्यूजच्या जागी बल्ब

आठवड्यात गाडीच्या मागच्या दिव्यांचा तिसरा फ्यूज उडाला तेव्हा वैतागून मी दहा अँपिअरच्या जागी वीसचा घातला. लाल काढला, पिवळा बसवला. टेल लाईट लागले, नंबर प्लेटचा दिवा लागला, दोन दिवस सगळं सुरळीत. तिसऱ्या रात्री घरी येऊन डिकी उघडली, तर आत जळक्या प्लॅस्टिकचा वास.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी एका वायरमनकाकांकडे गाडी नेली. त्यांनी आधी तो पिवळा फ्यूज चिमट्याने उपटला आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकला. मग विचारलं, "उडायचा कधी?"

कुठला दिवा बंद पडतो ते विचारतील असं मला वाटलं होतं. पण फ्यूजच्या दुखण्यात 'कुठे' हे सगळ्यात शेवटी कळतं. 'कधी' हे मात्र गाडी चालवणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, फक्त त्याने लक्ष दिलेलं नसतं. स्विच दाबता क्षणी उडतो, ब्रेक दाबला की उडतो, रिव्हर्स टाकला की, पाऊस पडला की, की अर्धा तास दिवे चालू राहिल्यावर? या प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या वायरीकडे बोट दाखवतं. ब्रेकवर उडत असेल तर ब्रेक लाईटची लाईन तपासायची, बाकीच्या गाडीला हात लावायचा नाही. पावसात उडत असेल तर एखाद्या होल्डरमध्ये किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरतंय. माझं उत्तर होतं, "रात्री, खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर गाडी आदळली की."

"मग वायर कुठेतरी घासतेय," काका म्हणाले.

उडालेले तिन्ही लाल फ्यूज मी खणात टाकून ठेवले होते, ते त्यांनी मागून घेतले आणि उजेडात धरले. फ्यूजच्या दोन पात्यांना जोडणारी जस्ताची बारीक पट्टी पारदर्शक प्लॅस्टिकमधून दिसते. करंट थोडासाच जास्त असेल तर ही पट्टी सावकाश तापते आणि मधोमध वितळून छोटीशी फट पडते. माझ्या तिन्ही फ्यूजमध्ये पट्टीची वाफ होऊन आतलं प्लॅस्टिक काळवंडलं होतं. "हा लोड नाही साहेब, शॉर्ट आहे. सरळ शॉर्ट."

हिशेब केला तरी तेच निघतं. टेल लाईटचा एक बल्ब 5 वॉटचा. असे चार, शिवाय नंबर प्लेट आणि डॅशबोर्डचे दिवे धरले तरी सगळे मिळून 30 वॉटच्या आसपास. त्याला 12 व्होल्टने भागलं की अडीच अँपिअर. दहाच्या फ्यूजला अडीच अँपिअर म्हणजे काहीच नाही. उरलेला करंट कुठेतरी वाट चुकून पळत होता.

ती वाट चुकणं गाडीत फार सोपं असतं. घरात प्रत्येक दिव्याला दोन वायरी जातात. गाडीत बहुतेक ठिकाणी एकच जाते, परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते, त्यालाच आपण अर्थ म्हणतो. वायर वाचते, वजन वाचतं. पण प्लसची वायर कुठेही सोलली आणि पत्र्याला टेकली, की बल्बला वळसा घालून सर्किट तिथल्या तिथे पूर्ण होतं. त्या वाटेला समजा 0.1 ओहमचा विरोध असला, तर 12 व्होल्टवर 120 अँपिअर. एवढ्यात फ्यूज डोळ्याचं पातं लवायच्या आत जातो, आणि गेला नाही तर वायर जाते.

माझा पिवळा फ्यूज नेमका इथे नडला. वायरीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. म्हणजे दहाच्या जागी वीसचा घालून मी त्याच बारीक वायरीला चौपट तापायची मुभा दिली होती. तीसचा हिरवा घातला असता तर नऊपट. फ्यूजचा आकडा ठरतो तो वायरीच्या जाडीवरून. तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणारे लोक अजूनही भेटतात. त्यांच्या गाडीत मग आख्खा हार्नेसच, म्हणजे वायरींची सगळी जुडीच, फ्यूजचं काम करतो.

यानंतर काकांनी जे केलं त्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला. त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेला एक जुना होल्डर काढला. त्यात 21 वॉटचा इंडिकेटरचा बल्ब, मागे दोन वायरी, टोकांना चपटे टर्मिनल. टेल लाईटचे आणि नंबर प्लेटचे बल्ब काढून ठेवले, फ्यूजच्या खाचेत ती टर्मिनलं घुसवली आणि मला दिव्यांचा स्विच चालू करायला सांगितलं. बल्ब लख्ख पेटला.

यात विज्ञान एवढंच, की 21 वॉटच्या बल्बमधून 12 व्होल्टवर पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही. पुढे कितीही पक्का शॉर्ट असो, वायर थंड राहते आणि एकामागून एक फ्यूज जाळत बसावं लागत नाही. शॉर्ट असला की पूर्ण 12 व्होल्ट या बल्बलाच मिळतात, म्हणून तो लख्ख. शॉर्ट सुटला की करंटला जायला जागा नाही, म्हणून तो मंद होतो. एकदम विझला नाही, कारण डॅशबोर्डचे दिवे तसेच होते. आता फक्त बल्बवर डोळा ठेवून वायरी एकेक करून हलवायच्या.

काकांनी पायाखालचं मॅट उचलून वायरी हलवल्या. बल्ब तसाच. मागच्या सीटखाली, तसाच. मग डिकी हळूहळू वर उचलली. ती अर्ध्यावर आली आणि बल्ब मंदावला. खाली केली, लख्ख. वर, मंद.

डिकीच्या बिजागरीजवळ वायरींची जुडी रबरी नळीतून जाते. डिकी हजारदा उघडझाप झाली की त्या एकाच ठिकाणी वायरी वाकून वाकून इन्सुलेशन, म्हणजे वरचं प्लॅस्टिकचं आवरण, तडकतं. नळी मागे सरकवली तर नंबर प्लेटच्या वायरीचं तांबं उघडं पडलेलं, आणि शेजारी इन्सुलेशन मऊ होऊन चिकटलेलं. ती पिवळ्या फ्यूजची करामत. काकांनी खराब तुकडा कापला, थोडी जास्त लांबीची नवी वायर डाग देऊन जोडली, वर स्लीव्ह चढवली. नुसती टेप मारली असती तर पुढच्या उन्हाळ्यात सुटली असती.

दिव्यांची काही दुखणी फ्यूज न उडवता येतात, आणि माझ्या मते ती जास्त चकवतात. ब्रेक दाबला की दुसऱ्या बाजूचा टेल लाईटही मिणमिणतो, इंडिकेटरच्या तालावर भलताच दिवा लुकलुकतो. लोक याला स्विचचा दोष समजून स्विच बदलतात. बहुतेक वेळा दोष अर्थचा असतो. टेल लाईटच्या दोन फिलामेंटच्या बल्बमध्ये 21 वॉटची ब्रेकची आणि 5 वॉटची टेलची तार एकाच अर्थवर असतात. तो अर्थ गंजला की ब्रेकचा करंट परतायला दुसरी वाट शोधतो. टेलच्या तारेतून उलटा जातो आणि पलीकडच्या दिव्यातून उतरतो. पॉलिश पेपरने गंज घासून, बोल्ट कसून वर व्हॅसलीन लावलं की भूत उतरतं. हेडलाईट मंद वाटत असतील तरी आधी हेच बघावं. हॅलोजनला 10 टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळपास 30 टक्क्यांनी घटतो.

आणि हेडलाईटचा फ्यूज अर्ध्या तासाने उडत असेल तर बोनेट न उघडताही अंदाज बांधता येतो: बऱ्याचदा कोणीतरी 60 वॉटच्या जागी 100 वॉटचे बल्ब घातलेले असतात. एकेक बल्ब 5 अँपिअरऐवजी 8 च्या वर ओढतो. दुप्पट करंटला फ्यूज काही सेकंदांत जातो, पण 10 टक्के जादा तो तासन्‌तास सोसतो. त्यामुळे असा फ्यूज घरी तपासताना टिकतो आणि घाटात दगा देतो.

नव्या गाड्यांत दिव्यांचा कारभार बऱ्याचदा कंट्रोल युनिटकडे, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकाकडे असतो. शॉर्ट झाला तर ते स्वतःच करंट बंद करतं, फ्यूज शाबूत. तिथे हा बल्बचा उपाय अंदाजाने करू नये, आणि पिवळ्या कनेक्टरना तर हातच लावू नये, ते एअरबॅगचे असतात. उंदराने कुरतडलेल्या वायरीला मात्र जुनी गाडी काय, नवी काय.

निघताना मी काकांकडून दहाचे दोन लाल फ्यूज घेतले. पिवळा त्यांच्या खिशातच राहिला. त्यांनी दिला नाही, मीही मागितला नाही.